गूगल ॲनालिटिक्स ४ : दुकानाची गळती शोधायला उत्तम, हिशेबाला नाही

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्याला पडणारे प्रश्न मोजकेच असतात. लोक येतात कुठून, बघतात काय, कार्टमध्ये माल टाकून निघून का जातात, आणि जाहिरातीवर घातलेले पैसे विक्रीत उतरतात का. गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे सगळे ज्याला जीए फोर म्हणतात ते, पहिल्या दोन प्रश्नांना चांगलं उत्तर देतं. तिसऱ्या प्रश्नात 'कुठून निघून गेले' एवढं सांगतं, 'का' ते सांगत नाही. आणि चौथ्याच्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा हे मांडणी कशी केली आहे त्यावर ठरतं. हे साधन फुकट आहे, त्यामुळे असंख्य दुकानांवर त्याचा कोड आधीच बसलेला असतो. तो नीट बसलेला असतो असं मात्र नाही, आणि 'आकडे चुकीचे दाखवतं' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

ज्यांना जुनी युनिव्हर्सल आवृत्ती सवयीची होती त्यांच्यासाठी थोडक्यात. ती आवृत्ती १ जुलै २०२३ पासून नवी माहिती घेईनाशी झाली आणि वर्षभराने तिची जुनी माहितीही बंद झाली. त्या आवृत्तीचा पाया सेशन, म्हणजे एका माणसाची एक भेट, हा होता, इथे पाया इव्हेंट आहे. पान उघडलं, खाली सरकवलं, वस्तू कार्टमध्ये टाकली, पैसे भरले. सगळं एकेक इव्हेंट. त्यामुळे जुने आकडे नव्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. बाउन्स रेट हा शब्द दोन्हीकडे आहे, पण अर्थ बदललाय. इथे जे सेशन १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा ज्यात दोन पानं उघडली गेली, किंवा ज्यात तुम्ही महत्त्वाचा ठरवलेला एखादा इव्हेंट घडला, ते 'एंगेज्ड' धरतात. उरलेलं ते बाउन्स.

ही व्याख्या लक्षात ठेवा, कारण तिच्यावरून एक नेहमीचा बिघाड पकडता येतो. दुकानाच्या प्लॅटफॉर्मचं प्लगइन आणि टॅग मॅनेजर (मोजणीचे कोड एका जागेवरून बसवण्याचं गूगलचं साधन) अशा दोन्हीकडून एकच मेजरमेंट आयडी, म्हणजे तुमच्या जीए फोरचा ओळखक्रमांक, घातला गेला, की प्रत्येक पान दोनदा मोजलं जातं. दोन पानं झाली की सेशन आपोआप एंगेज्ड ठरतं आणि बाउन्स रेट शून्याच्या आसपास येऊन बसतो. असा आकडा दिसला तर खूश होऊ नका. टॅग असिस्टंट हे गूगलचं तपासणीचं साधन उघडून एका पानावर पेज व्ह्यू किती वेळा जातोय ते बघा.

कोड बसवल्यावर काय आपोआप मिळतं आणि काय नाही

'एनहान्स्ड मेजरमेंट' चालू असलं की पानाच्या ९० टक्के खाली पोचणं, बाहेरच्या साइटच्या लिंकवरचं क्लिक, फाइल डाउनलोड, व्हिडिओ आणि साइटवरचा शोध हे न मागता मोजलं जातं. दुकानदाराच्या कामाचा यातला शेवटचा. लोकांनी शोधपेटीत काय टाइप केलं ते इथे कळतं, आणि तुमच्याकडे नसलेल्या मालाची मागणी याच्याइतकी स्वस्तात दुसरीकडे कळत नाही. फक्त तुमच्या साइटच्या शोधाच्या पत्त्यात कोणतं पॅरामीटर, म्हणजे सोबत जाणाऱ्या माहितीचं नाव, येतं ते तपासा. क्यू, एस, सर्च, क्वेरी, कीवर्ड ही नावं त्याला ओळखता येतात. तुमच्या थीममध्ये वेगळं नाव असेल तर सेटिंगमध्ये ते स्वतः लिहावं लागतं, नाहीतर हा रिपोर्ट कायम रिकामा राहतो.

त्याच ठिकाणी 'ब्राउझर हिस्टरी'वरून पान बदललं असं धरण्याची एक टिक करायची खूण आहे. ज्या थीममध्ये रंग, माप, किंमत यांचे फिल्टर लावताना पान न उघडता फक्त पत्ता बदलतो, तिथे ही खूण प्रत्येक फिल्टरला नवं पान समजते. कॅटेगरीची पानं अचानक फार 'लोकप्रिय' दिसू लागली तर कारण बहुधा हेच. फॉर्मचं आपोआप होणारं मोजमाप सरळ बंद करून टाका; तो पसारा फार असतो आणि उपयोग थोडा.

खरेदीच्या वाटेवरचं मात्र काहीही आपोआप मिळत नाही. वस्तू पाहिली, कार्टमध्ये टाकली, चेकआउट सुरू केलं, पत्ता दिला, पैसे भरण्याची पद्धत निवडली, खरेदी झाली आणि परतावा दिला, या प्रत्येकासाठी व्ह्यू आयटम, ॲड टू कार्ट, बिगिन चेकआउट, ॲड शिपिंग इन्फो, ॲड पेमेंट इन्फो, पर्चेस आणि रिफंड असे ठरलेल्या नावांचे इव्हेंट पाठवावे लागतात. नाव अक्षरशः जसंच्या तसं हवं. लहानमोठ्या रोमन अक्षरांचा किंवा अंडरस्कोअरचा फरक पडला की इव्हेंट पोचतो, पण विक्रीच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मची प्लगइनं हे काम करतात. पण बिगिन चेकआउट चेकआउटऐवजी कार्टच्या पानावरच सुटतो का, ॲड टू कार्ट बटण दाबल्यावर सुटतो की पान उघडताक्षणीच, हे एकदा स्वतः दाबून बघितल्याशिवाय प्लगइनवर विसंबू नये.

सगळ्यात जास्त जपायचा तो पर्चेस. त्यात ट्रान्झॅक्शन आयडी, व्हॅल्यू, करन्सी आणि आयटम्सची यादी जाते. व्हॅल्यू म्हणजे किंमत गुणिले नग यांची बेरीज. टपालखर्च आणि कर त्यात मिसळायचे नाहीत, त्यांना वेगळी पॅरामीटर आहेत. व्हॅल्यू शुद्ध संख्या हवी. हजाराचा स्वल्पविराम किंवा चलनाचं चिन्ह आत शिरलं की महसुलाचे आकडे बिघडतात. करन्सी तीन अक्षरी आंतरराष्ट्रीय कोडात द्यायची; ती राहिली तर विक्री झाल्याचं दिसतं आणि महसूल गायब असतो. ट्रान्झॅक्शन आयडी प्रत्येक ऑर्डरला वेगळा. गिऱ्हाइकाने आभाराचं पान पुन्हा लोड केलं तरी त्याच आयडीची खरेदी दोनदा धरली जात नाही, हा त्याचा फायदा. पण आयडीच्या जागी रिकामी स्ट्रिंग जात असेल तर सगळ्या रिकाम्या खरेद्या एकच समजून गाळल्या जातात. ऑर्डरी रोज येतायत आणि इथे जेमतेम एकदोन दिसतायत, असं असेल तर आधी हेच तपासा.

आयटम्सच्या यादीत नावं किंवा आयडी, किंमत आणि नग. नग दिला नाही तर एक धरतात. किंमत दिली नाही तर एकूण महसूल बरोबर दिसतो पण वस्तुनिहाय महसूल शून्य येतो. या दोन आकड्यांची तुलना हा चूक शोधण्याचा सोपा मार्ग आहे, कारण एकूण महसूल व्हॅल्यूवरून येतो आणि वस्तूचा महसूल यादीतल्या किंमत आणि नगावरून. एकच बिघडलेला असेल तर कुठे हात घालायचा ते लगेच कळतं.

आणखी एक चूक फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. वस्तू पाहताना मूळ उत्पादनाचा आयडी जातो आणि खरेदीच्या वेळी त्या माप-रंगाच्या प्रकाराचा आयडी जातो. मग वस्तूंच्या रिपोर्टमध्ये काही वस्तू खूप पाहिल्या गेल्या पण एकही विकली गेली नाही असं दिसतं, आणि काही वस्तू कुणी न पाहताच विकल्या गेल्या असंही दिसतं. सगळ्या टप्प्यांवर एकच आयडी ठेवा, प्रकारासाठी आयटम व्हेरियंट हे वेगळं पॅरामीटर वापरा.

टॅग मॅनेजरमधून काम करत असाल तर प्रत्येक विक्री-इव्हेंटच्या आधी डेटा लेअरमधलं (पानावरून टॅग मॅनेजरला माहिती देणारी जागा) ईकॉमर्स ऑब्जेक्ट नल, म्हणजे रिकामं, करायचं. ते केलं नाही तर मागच्या इव्हेंटमधल्या वस्तू पुढच्यात चिकटून राहतात, आणि ज्याने एकच वस्तू पाहिली त्याच्या नावावर पाच दिसतात.

गेटवेवरून परत न येणारे

पैसे भरायला गिऱ्हाईक पेमेंट गेटवेवर, म्हणजे दुसऱ्या डोमेनवर किंवा दुसऱ्या ॲपमध्ये, जातं. यातून दोन वेगळे घोटाळे होतात आणि लोक त्यांना एकच समजतात.

पहिला श्रेयाचा. गेटवेवरून परत आलेला माणूस गेटवेच्या साइटवरून 'आला' असं धरलं जातं आणि ती विक्री रेफरलच्या, म्हणजे दुसऱ्या साइटवरच्या लिंकच्या, खात्यात जाते. ज्या जाहिरातीने किंवा शोधाने तो खरंच आणला तिला काहीच मिळत नाही. उपाय सोपा आहे. डेटा स्ट्रीमच्या टॅग सेटिंगमध्ये 'अनवॉन्टेड रेफरल्स'ची यादी असते, तिच्यात गेटवेची सगळी डोमेनं घाला. बँकेच्या पडताळणीची पानंही विसरू नका. ही यादी मागच्या तारखेपासून लागू होत नाही, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं.

दुसरा घोटाळा हरवलेल्या विक्रीचा. पैसे भरले गेले, संदेश आला, आणि गिऱ्हाइकाने खिडकी तिथेच बंद केली. आभाराचं पान उघडलंच नाही, त्यामुळे पर्चेस गेला नाही. दुकानाच्या खात्यात ऑर्डर आहे, ॲनालिटिक्समध्ये नाही. यावर नीट उपाय एकच, तो म्हणजे ऑर्डर पक्की झाली की सर्व्हरवरून मेजरमेंट प्रोटोकॉलने (ब्राउझरशिवाय थेट इव्हेंट पाठवण्याची गूगलची पद्धत) पर्चेस पाठवणं. त्यासाठी चेकआउटच्या वेळीच गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधला क्लायंट आयडी (त्या ब्राउझरची ओळख) आणि सेशन आयडी (त्या भेटीची ओळख) ऑर्डरसोबत साठवावे लागतात. ते न पाठवता नुसता पर्चेस ढकलला तर महसूल मिळतो, पण तो 'अनअसाइन्ड'मध्ये, म्हणजे कुठल्याच वाटेत न बसलेल्यांत, जाऊन पडतो, आणि कोणत्या वाटेने विक्री झाली हा मूळ प्रश्न तसाच राहतो. उशीरही फार चालत नाही. मागची वेळ लावून इव्हेंट पाठवायचा तर ७२ तासांच्या आतला हवा. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडून पाठवत असाल तर ट्रान्झॅक्शन आयडी तंतोतंत सारखा ठेवा.

पहिल्याच दिवशी बदलायच्या गोष्टी

माहिती राखून ठेवण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये २ महिने असते. ती १४ महिने करता येते आणि त्याला काहीही खर्च नाही. एक्सप्लोर विभागातले सगळे सखोल रिपोर्ट या मुदतीत अडकतात. सणासुदीच्या विक्रीची मागच्या वर्षीशी तुलना करायला बसलात आणि मुदत दोन महिन्यांची राहून गेली असेल, तर हात चोळत बसावं लागतं. कंपनीने मूळ सेटिंग इतकं तोकडं का ठेवलंय हे कोडंच आहे.

प्रॉपर्टीचा (जीए फोरमधल्या तुमच्या दुकानाच्या खात्याचा) टाइम झोन आणि दुकानाच्या सॉफ्टवेअरचा टाइम झोन एकच ठेवा. नाहीतर मध्यरात्रीच्या ऑर्डरी वेगवेगळ्या तारखांना पडतात आणि रोजचा ताळा कधीच जुळत नाही.

स्वतःच्या माणसांची ये-जा वगळायची तर दोन पायऱ्या आहेत, आणि दुसरी पायरी हमखास राहते. टॅग सेटिंगमध्ये ऑफिसचा आयपी 'इंटर्नल' म्हणून नोंदवायचा, ही पहिली. मग ॲडमिनच्या डेटा फिल्टर्समध्ये तो फिल्टर 'टेस्टिंग'वरून 'ॲक्टिव्ह' करायचा. तसं केलं नाही तर फिल्टर नुसता शिक्का मारतो, वगळत काहीच नाही. ॲक्टिव्ह केल्यावर गाळलेली माहिती परत मिळत नाही, म्हणून आधी काही दिवस टेस्टिंगमध्ये ठेवून बघणं शहाणपणाचं. आयपी सतत बदलणाऱ्या मोबाइल नेटवर ही युक्ती चालत नाही. तिथे कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरमधून ट्रॅफिक टाइप हे पॅरामीटर 'इंटर्नल' म्हणून पाठवण्याची सोय करावी.

लोक कुठून आले : एकाच विक्रीची तीन उत्तरं

समजा एकीने समाजमाध्यमावरची जाहिरात बघून दुकान उघडलं, दहा दिवसांनी तुमच्या ईमेलमधल्या लिंकवरून परत आली आणि खरेदी केली. 'युझर ॲक्विझिशन' रिपोर्ट ही विक्री जाहिरातीच्या नावावर टाकेल, कारण तो रिपोर्ट माणूस पहिल्यांदा कुठून आला एवढंच बघतो. 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' ईमेलच्या नावावर टाकेल, कारण तो त्या सेशनचा उगम बघतो. आणि ॲडव्हर्टायझिंग विभागातला डेटा-ड्रिव्हन हिशेब दोघांत वाटणी करेल. तिन्ही बरोबर आहेत, पण दुकानात दोन माणसं दोन रिपोर्ट घेऊन बसली की भांडण ठरलेलं. नवी गिऱ्हाइकं कुठून मिळतात याला पहिला रिपोर्ट घ्या, या आठवड्याची मोहीम चालली का याला दुसरा. वाटणीचे फर्स्ट क्लिक, लिनिअर वगैरे जे पर्याय होते ते २०२३ मध्ये काढून टाकले, त्यामुळे डेटा-ड्रिव्हन पटत नसेल तर आता लास्ट क्लिकच, म्हणजे सगळं श्रेय शेवटच्या क्लिकला, उरतो.

'डायरेक्ट' हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पत्ता टाइप करून आलेले लोक त्यात असतात, पण त्याहून जास्त करून खूण नसलेल्या लिंकांवरून आलेले असतात. मेसेजिंग ॲप, ईमेल ॲप, पीडीएफ कॅटलॉग, क्यूआर कोड. तुम्ही स्वतः जिथे लिंक देता तिथे यूटीएम, म्हणजे भेट कुठून आली ते सांगणारी पत्त्याच्या शेवटची खूण, लावणं तुमच्या हातात आहे.

यूटीएममध्ये लहानमोठी अक्षरं वेगळी धरतात, म्हणून सगळं लहान लिपीत लिहायचा नियम करा आणि एका शीटमध्ये ठरलेले शब्द ठेवा. मीडियम, म्हणजे कोणत्या प्रकारच्या वाटेने माणूस आला तो शब्द, मनाला येईल तसा लिहू नका. ईमेलसाठी 'ईमेल' हाच शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत हवा. 'न्यूजलेटर' लिहिलंत आणि सोर्समध्येही (नेमक्या जागेच्या नावात) ईमेल नसेल, तर भेटी 'अनअसाइन्ड'मध्ये जातात. समाजमाध्यमावरच्या पैसे देऊन केलेल्या जाहिरातीला मीडियम 'सोशल' दिलंत तर ती फुकटच्या, म्हणजे ऑरगॅनिक सोशलच्या खात्यात दिसते, आणि जाहिरातीचा खर्च वाया गेला असा निष्कर्ष निघतो. तिथे 'सीपीसी' किंवा 'पेड'ने सुरू होणारा शब्द हवा. आणि स्वतःच्याच साइटवरच्या बॅनरला यूटीएम कधीही लावू नका. गिऱ्हाईक शोधातून आलेलं असतं आणि बॅनरवर क्लिक करताच श्रेय बॅनरला जातं. आतल्या बॅनरसाठी व्ह्यू प्रमोशन आणि सिलेक्ट प्रमोशन हे इव्हेंट आहेत.

फनेल : या साधनाची खरी ताकद

इथे मात्र हे साधन पैकीच्या पैकी गुण घेतं. एक्सप्लोरमध्ये फनेल, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर किती माणसं उरली याचा तक्ता, उघडा, टप्पे भरा : वस्तू पाहिली, कार्टमध्ये टाकली, चेकआउट, पत्ता, पेमेंट, खरेदी. दहा टप्प्यांपर्यंत जाता येतं. 'ब्रेकडाउन'मध्ये आधी उपकरणाचा प्रकार लावा, मग ब्राउझर.

एकूण टक्केवारीकडे बघून काही ठरवू नका. वस्तू पाहणाऱ्यांतले बहुतेक कार्टपर्यंत पोचत नाहीत, हे कुठल्याही दुकानात असंच असतं. बघायची ती एकाच टप्प्यावरची, दोन गटांतली तफावत. मोबाइलवर चेकआउटपासून पत्त्यापर्यंत निम्मे गळतात आणि संगणकावर थोडेच, तर फॉर्म लहान पडद्यावर त्रास देतोय. सगळे ब्राउझर सारखे चाललेत आणि एकाच ब्राउझरमध्ये पेमेंटनंतर खरेदी जवळजवळ शून्य, तर तो गिऱ्हाइकांचा स्वभाव नाही, तुमच्या कोडमधला बिघाड आहे. तोच फोन हातात घेऊन ऑर्डर टाकून बघा. पत्त्याच्या टप्प्यानंतर सगळीकडेच मोठी गळती असेल तर टपालखर्च तिथे पहिल्यांदा दिसतोय का ते बघा. हा आकडा आधीच्या पानावर दाखवून पुढच्या काही आठवड्यांत फनेल पुन्हा मांडलं, की उत्तर मिळतं.

एक खोच आहे. बंद फनेलमध्ये प्रत्येक टप्पा ओलांडलेला असावाच लागतो. एका बटणात पैसे भरण्याची सोय वापरणारे पत्ता आणि पेमेंटचे टप्पे गाळून थेट खरेदीवर पोचतात, आणि ते या फनेलमधून चक्क गळालेले दिसतात. फनेलमधल्या खरेद्या आणि विक्रीच्या रिपोर्टमधल्या खरेद्या यांत मोठा फरक दिसला तर मधले टप्पे काढून पाहणे, चेकआउट, खरेदी असं तीन टप्प्यांचं दुसरं फनेल बनवा. शिवाय फनेल माणसं मोजतं, सेशन नाही. 'डायरेक्टली फॉलोड' आणि 'इनडायरेक्टली फॉलोड' यांतलं दुसरंच ठेवा. पहिल्यात मधे एखादा स्क्रोल जरी आला तरी माणूस बाद होतो.

फनेलच्या खालोखाल उपयोगी तो वस्तूंचा रिपोर्ट. पाहिली खूप, कार्टमध्ये टाकली थोडी अशा वस्तूंचे फोटो, किंमत, मापांचा तक्ता आणि साठा बघा. कार्टमध्ये गेली खूप, विकली थोडी अशा वस्तू असतील तर बहुधा वजनदार माल आणि त्याचा टपालखर्च यांचं नातं निघतं.

जे खटकतं

आकडे पक्के व्हायला २४ ते ४८ तास लागतात. कालच्या विक्रीवर आज सकाळी बैठक घेणाऱ्यांना हे जाचतं. रिअल टाइम रिपोर्ट शेवटच्या अर्ध्या तासाचा असतो. तो टॅग चालतोय का एवढं बघायला ठीक, निर्णयाला नाही. तपासणीसाठी त्याहून बरी डीबगव्ह्यूची खिडकी. तिथे प्रत्येक इव्हेंट उघडून आतल्या वस्तू, किंमत, आयडी दिसतात.

नावं सारखी बदलतात. ज्याला कन्व्हर्जन म्हणत त्याला २०२४ पासून 'की इव्हेंट' म्हणू लागले. शिकवणाऱ्या जुन्या व्हिडिओंमधले निम्मे मेनू आता त्या जागी सापडत नाहीत.

वय, लिंग यांचे रिपोर्ट लहान दुकानाला जवळपास निरुपयोगी. माणसं कमी असली की ओळख पटू नये म्हणून ओळीच लपवतात, आणि बेरीज वरच्या आकड्याशी जुळत नाही. फार वेगवेगळी मूल्यं घेणारं पॅरामीटर असलं, उदाहरणार्थ दिवसाला ५०० हून अधिक वेगळे पत्ते, की उरलेलं सगळं 'अदर' नावाच्या ओळीत ढकललं जाऊ शकतं. पत्त्याच्या मागे लागणारी सेशनची शेपटं आधीच कापून टाकली तर हा त्रास बराच कमी होतो.

माणसांची संख्या नेहमी फुगलेली असते. एकच बाई फोनवर बघते आणि संगणकावर घेते, त्या दोघी होतात. सफारी ब्राउझर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसतो, त्यामुळे पंधरा दिवसांनी परत आलेलं जुनं गिऱ्हाईक नवं म्हणून मोजलं जातं. लॉगिन असलेल्या दुकानाने युझर आयडी पाठवावा. तो तुमच्या डेटाबेसमधला निरर्थक क्रमांक असू द्या. ईमेल किंवा फोन नंबर पाठवणं नियमांविरुद्ध आहे, आणि तो चुकून आभाराच्या पानाच्या पत्त्यातूनही जाऊ शकतो.

राहता राहिला दुकानाच्या ऑर्डरींशी ताळा. तो पूर्ण जुळणार नाही. जाहिरात-रोधक, कुकीला नकार, गेटवेवरून न परतलेले लोक यांमुळे इथला आकडा सहसा कमीच असतो. जास्त असेल तर रद्द झालेल्या ऑर्डरींचा रिफंड पाठवला जात नाही, किंवा चाचणीच्या ऑर्डरी शिरल्यात. दर आठवड्याला दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. फरक स्थिर राहिला तर काळजी नको. एका आठवड्यात अचानक वाढला तर थीम किंवा प्लगइन नुकतंच बदललंय का ते विचारा. करभरणा, नफा, कर्मचाऱ्यांचं कमिशन यांसाठी मात्र दुकानाचंच खातं. ॲनालिटिक्स म्हणजे हिशेबाची वही नव्हे.

युरोपीय गिऱ्हाइकं असतील तर संमतीची पट्टी लागतेच, आणि गूगलच्या जाहिराती चालवत असाल तर कन्सेंट मोडही, म्हणजे गिऱ्हाइकाचा होकार-नकार गूगलला कळवण्याची सोय. नकार देणाऱ्यांची उणीव अंदाजाने भरून काढण्याची सोय आहे, पण तिच्यासाठी नकाराचे रोज किमान १००० इव्हेंट आणि संमती देणारे रोज १००० लोक अशा अटी आहेत. लहान दुकानाला ती मिळत नाही. त्याने आपले आकडे तेवढे तोकडे धरूनच चालावं.

बिगक्वेरी, आणि इतर पर्याय

फुकट आवृत्तीतही कच्ची माहिती बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या डेटाबेस सेवेत, रोज उतरवता येते, दिवसाला दहा लाख इव्हेंटपर्यंत. ही सोय जुन्या आवृत्तीत फक्त पैसे देणाऱ्यांना होती, आणि जीए फोर ठेवण्याचं हे एक मोठं कारण आहे. जोडणी केल्या दिवसापासूनच माहिती जमते, मागची मिळत नाही. म्हणून आज वापरायची नसली तरी जोडून ठेवा. पैसे न भरता सँडबॉक्समध्ये, म्हणजे बिगक्वेरीच्या फुकट जागेत, ठेवलीत तर तक्ते ६० दिवसांनी पुसले जातात, हे विसरू नका. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येणारा कुणी हाताशी असला की कोणत्या वस्तू एकत्र विकल्या जातात, पहिली आणि दुसरी खरेदी यांत किती दिवस जातात, असे प्रश्न इथे सुटतात.

'लोक का गेले' याचं उत्तर जीए फोरमध्ये शोधत बसू नका. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी शेजारी लावा. तेही फुकट आहे, आणि त्यात गिऱ्हाइकाच्या हालचालींचं रेकॉर्डिंग दिसतं. न चालणाऱ्या बटणावर माणूस रागाने पुन्हापुन्हा दाबतोय हे पाचसात रेकॉर्डिंगांत कळतं. फनेलने टप्पा दाखवायचा आणि क्लॅरिटीने कारण, ही जोडी चांगली जमते. माहिती स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायची असेल तर मॅटोमो आहे, पण ते चालवायला माणूस लागतो. फक्त किती आले आणि कुठून, एवढंच हवं असेल तर प्लॉझिबल सुटसुटीत आहे, कुकीही ठेवत नाही.

दिवसाला दोनचार ऑर्डरी असणाऱ्या दुकानाने जीए फोर लावावं, बिगक्वेरी जोडावी, मुदत १४ महिने करावी, आणि फनेल आठवड्याचं नव्हे तर तीन महिन्यांचं बघावं. इतक्या थोड्या ऑर्डरींत एका गिऱ्हाइकाने आठवड्याची टक्केवारी इकडची तिकडे होते, आणि त्यावरून चेकआउटचं पान बदलायला घेतलं तर चालणारं पानही मोडून बसेल.